एकशे अठ्ठ्याहत्तर नंबरचं जेट

काका,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माइक माझ्यापर्यंत आला होता. हॉलमध्ये लोक एकेक करून उठत होते आणि तुमच्याबद्दल दोन शब्द बोलत होते. नवीन आलेल्या मुलांना तुम्ही खोल्या कशा शोधून द्यायचात, सिंगापूरच्या तुआस भागातल्या कंपनीत बंद पडलेलं मशीन नुसतं कान लावून कसं ओळखायचात, हे सगळं बोलून झालं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी हात जोडले आणि माइक पुढे दिला. लोकांना वाटलं, मुलाला रडू आवरत नाहीये. तसं नव्हतं. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती त्या हॉलमध्ये सांगायची हिंमत मला झाली नाही.

ती गोष्ट अशी की, तुमच्या गाडीच्या कार्बुरेटरमधलं मेन जेट मी तुम्हाला न सांगता बदललं होतं.

आता काकूंनीच सांगितलंय, "तिथं नाही बोललास ना, मग मंडळाच्या अंकात लिही." म्हणून लिहितोय. वाचणाऱ्यांसाठी गाडीचं थोडं समजावून सांगावं लागेल. तुम्हाला ते सगळं माहीत आहे, तरी ऐकून घ्या.

आपली ओळख झाली ती मंडळाच्या जयंतीच्या जेवणात. मी पुऱ्या वाढत होतो. तुम्ही ताट पुढे केलंत आणि पुरीकडे न बघता माझ्या हाताकडे बघितलंत.

"काय शिकतं रे बाबू?"

"मेकॅनिकल."

"मेकॅनिकल? अन् हात तं कारकुनासारखे हायेत तुये."

तुमच्याबरोबरचे सगळे हसले, मीही हसलो. पण ते मला लागलं होतं. माझे वडील यवतमाळ जिल्ह्यात एका जिनिंगमध्ये मशीनवर काम करतात. त्यांच्या नखांतलं काळं कधीच जात नाही. लहानपणी मी पान्याला हात लावला की ते तो काढून घ्यायचे. "तू अभ्यास कर. हे हात एवढ्यावरच थांबू दे." आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे झालं असं की मशीनबद्दलच्या परीक्षेत मला चांगले मार्क पडायचे आणि मशीन उघडायची वेळ आली की मी मागे उभा राहायचो.

तुम्हाला हे सांगितलं नव्हतं. तरी जाताना तुम्ही म्हणालात, "रविवारी तुआसला ये. जुने कपडे घालून ये."

मी बिशानच्या माझ्या खोलीवरून निघून दीड तासाने तुआसला पोचलो. तुमच्या मालकांच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली ती उभी होती. जुनी टू-स्ट्रोक डर्ट बाइक. मालक पूर्वी सीमेपलीकडे जोहोरच्या ट्रॅकवर ती चालवायचे. गुडघा गेल्यावर त्यांनी ती तुम्हाला देऊन टाकली. तिला नंबरप्लेट नव्हती, रस्त्यावर न्यायची परवानगी नव्हती. वर्कशॉपच्या आवारात चाळीस-पन्नास पावलं, एवढीच तिची धाव. बाहेर बत्तीस डिग्री होती, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि तुम्ही मला म्हणालात, "हे बर्फात चालवाची हाय."

मला थट्टा आहे की काय ते कळेना.

थट्टा नव्हती. खूप वर्षांपूर्वी एक मशीन बसवायला तुम्ही होक्काइदोला गेला होतात. तिथल्या मोरी-सान नावाच्या जपानी तंत्रज्ञाच्या शेतावर शेवटचे दोन दिवस राहिलात. बटाट्याचं शेत होतं, सगळं बर्फाखाली. मोरी-सानचा मुलगा अशीच एक गाडी त्या पांढऱ्या शेतात फिरवत होता आणि तुम्ही कुंपणापाशी उभे राहून त्याचे फोटो काढत होतात.

"मग तुम्ही चालवली नाही?" मी विचारलं.

"नाई."

"का? दिली नाही त्यांनी?"

"मांगितलीच नाई बावा. मनात आलं, एवढ्या दुरून कामाले आलो, अन् यांच्या पोराची गाडी काय मांगायची." मग पाना पुसत तुम्ही म्हणालात, "नाई म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी विचारलंच नाई."

मोरी-सान आता निवृत्त झाले होते. त्यांनी लिहिलं होतं, गाडी घेऊन या, शेत इथेच आहे. तुम्ही फेब्रुवारी ठरवला होता.

ते सहा-सात महिने मी आठवतो तेव्हा मला सगळ्यात आधी आठवतात टायर. दोन्ही टायरच्या प्रत्येक गाठीत एकेक स्क्रू बसवायचा, बर्फावर पकड यावी म्हणून. ते काम तुम्ही बुकित पंजांगच्या तुमच्या घरी, हॉलमध्ये, टीव्हीसमोर मांडलं होतं. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, काल माझ्या पायात गेला एक. या घरात कधी बर्फ पडला होता का?" तुमची समता सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची आणि म्हणायची, "बाबा, होक्काइदो गॉट टायर शॉप, यू नो." तुम्ही म्हणायचात, "तिथले स्क्रू माया हातचे नसतील ना."

मग रेडिएटरचा अर्धा भाग झाकला, नाहीतर थंडीत इंजिन तापतच नाही. हवेच्या नळ्यांची तोंडं वर सीटखाली वळवली, कारण खाली ठेवली तर बर्फाने बुजतात. फिल्टरवर घालायला बारीक विणीचं कापड हवं होतं. त्यासाठी काकूंच्या एका नायलॉनच्या साडीचा पदर गेला. त्याबद्दल तुम्ही घरी काय सांगितलंत ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

आणि तो बर्फाचा प्रयोग. मार्केटमधल्या मासेवाल्याकडून तुम्ही पिशवीभर बर्फ आणला, कार्बुरेटरभोवती बांधला आणि इंजिन चालू केलं. इथल्या दमट हवेत पाच मिनिटांत कार्बुरेटरवर पांढरा थर धरला. तुम्ही मला बोटाने तो खरवडून दाखवलात. "पाहा. तुआसमंदी हिवाळा." वर्कशॉपभर मासळीचा आणि टू-स्ट्रोकच्या धुराचा वास सुटला होता. मी इतका हसलो नव्हतो कधी, निदान सिंगापूरला आल्यापासून.

त्या वर्कशॉपमध्ये तुमचा एकच नियम होता. जो काही उघडेल, बदलेल, त्याने ते लिहायचं. गाडीच्या टाकीवर कागदी चिकटपट्टी लावलेली असायची आणि तिच्यावर तुमच्या बारक्या अक्षरात सगळं: जेट, प्लग, तेलाचं प्रमाण. "गाडी उद्या दुसऱ्याच्या हाती जाते," तुम्ही म्हणायचात, "त्याले आतलं दिसत नाई. त्याले पट्टी दिसते."

आता जेटबद्दल. जेट म्हणजे पितळेचा शेंगदाण्याएवढा तुकडा, मधोमध भोक असलेला. त्या भोकातून इंजिनात पेट्रोल जातं. नंबर जितका मोठा तितकं भोक मोठं. इथल्या उकाड्यात तुमची गाडी एकशे पासष्टवर छान चालायची. थंड हवा दाट असते, इंजिन एका श्वासात जास्त हवा ओढतं, म्हणून पेट्रोलही जास्त द्यावं लागतं. ते कमी पडलं तर टू-स्ट्रोकमध्ये फार वाईट होतं, कारण ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑईलही कमी. पिस्टन तापून सिलेंडरला चिकटतो, मागचं चाक धावता धावता जागच्या जागी अडकतं आणि माणूस फेकला जातो.

तुम्ही एकशे अठ्ठ्याहत्तर लावलं. ते जेट लावल्यावर गाडी इथे अडखळायची, काळा धूर सोडायची, प्लग ओला काळा यायचा, म्हणजे पेट्रोल जास्त. मी घरी जाऊन दोन पानं गणित केलं. तापमान, हवेचा दाब, आर्द्रता, सगळं घेतलं. उत्तर आलं एकशे बहात्तर. मी ते कागद नीट लिहून काढले आणि पुढच्या रविवारी तुमच्यापुढे ठेवले. खरं सांगतो, शिष्यवृत्तीच्या मुलाखतीलाही मी एवढा नीटनेटका कागद नेला नव्हता.

तुम्ही चष्मा लावून दोन्ही पानं वाचलीत. एकही ओळ सोडली नाहीत.

"चांगलं हाय," तुम्ही म्हणालात. "पण यात बर्फ कुठं हाय?"

"घेतलाय ना काका. उणे दहा तापमान घेतलंय."

"ते थंडी झाली. बर्फ कुठं हाय?"

मला वाटलं तुम्ही शब्दाला शब्द वाढवताय. मी पुन्हा समीकरण समजावलं. तुम्ही म्हणालात, "तू बर्फात चालला काय कधी? गुडघ्यापोतर जाते पाय. एकेक पाय उपसा लागते. गाडीलेबी तसंच. सपाट शेतात घाट चढल्यावानी पूर्ण रेस द्या लागन. त्या रेसले पेट्रोल नको?"

"त्याचा काही आकडा आहे का काका? आकड्याशिवाय कसं धरायचं?"

"माया पायाले माहीत हाय तो आकडा," तुम्ही म्हणालात. "बरं, इंजिनिअर साहेब, राहू द्या. फेब्रुवारीत पाहू."

तो वाद तीन रविवार चालला. तुम्हाला त्यात मजा येत होती. मला येत नव्हती. तुम्ही 'इंजिनिअर साहेब' म्हणायचात ते प्रेमाने, हे आज कळतं. तेव्हा मला ऐकू यायचं की चार वर्षं शिकून, आईवडिलांना एवढ्या लांब सोडून, मला मासेवाल्याच्या बर्फाएवढीही किंमत नाही.

मग तो रविवार. तुम्ही म्हणालात, "आज कार्बुरेटर तू एकटा साफ कर अन् बसव. मी पाहणार नाई." तुम्ही दुसऱ्याने आवळलेला प्रत्येक बोल्ट स्वतः एकदा तपासणारा माणूस. तुम्ही कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणायला कँटीनकडे गेलात. माझ्या हातात उघडं कार्बुरेटर होतं आणि डब्यात एकशे बहात्तर नंबरचं जेट होतं. मी ते बसवलं. पट्टीवर काही लिहिलं नाही. पट्टीवर तुमच्या अक्षरात एकशे अठ्ठ्याहत्तरच राहिलं.

माझ्या मनात काय होतं ते सांगतो, पण ही सबब म्हणून नाही. मी ठरवलं होतं की फेब्रुवारीत तुम्ही शेतात एक सुंदर फेरी माराल, प्लग अगदी हवा तसा तपकिरी निघेल, मग मी फोनवर सांगेन की काका, आत एकशे बहात्तर होतं. तुम्ही हसाल, शिवी द्याल आणि म्हणाल, पोरगा खरंच इंजिनिअर झाला. गाडी चुकली तर तुम्ही पडाल, हे मी धरलंच नव्हतं. माझ्या गणितात तेही नव्हतं.

तुम्ही कोपीच्या पिशव्या घेऊन आलात, किक मारलीत. गाडी आधीपेक्षा स्वच्छ चालली. चालणारच होती, भोक लहान होतं. तुम्ही डोकं तिरकं करून ऐकत राहिलात. मला वाटलं, कळलं. 

तुम्ही म्हणालात, "आज आवाज चांगला येऊन राहिला. साफ छान केलं रे तू. हात बसला तुया."

काका, त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. मी कोपी प्यायलो.

गुरुवारी सकाळी कामावर जाताना एलआरटी ट्रेनच्या फलाटावर तुम्ही खाली बसलात ते उठला नाहीत. हार्ट. समताचा मेसेज आला तेव्हा मी लेक्चरमध्ये होतो. मेसेजमध्ये दोनच शब्द होते आणि मी ते पाच-सहा वेळा वाचले.

त्यानंतर मला खरंच वाटलं की जेटची गोष्ट तुमच्याबरोबर संपली. गाडी ताडपत्रीखाली राहील, मालक कधीतरी भंगारात देतील, कुणाला काही होणार नाही. मला त्याचं बरं वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी काकूंनी जेवायला बोलावलं. टेबलावर शिपिंगचे कागद पसरलेले होते आणि समता ते भरत होती.

"बाबांचं बुकिंग आहे," ती म्हणाली. "मी जाते. आय गॉट लायसन्स, मोरी-सान सेज कॅन. क्रेट सोमवारी जाणार."

"एकटी?" मी विचारलं.

"मी जाणारे तिच्याबरोबर," काकू म्हणाल्या. "मलाही बघायचंय, असं काय आहे त्या शेतात."

समता पट्टीचा फोटो बघून फॉर्मवर गाडीची माहिती लिहीत होती. तुमचं अक्षर. एकशे अठ्ठ्याहत्तर. तुम्हीच म्हणाला होतात, दुसऱ्याला आतलं दिसत नाही, पट्टी दिसते.

माझ्या ताटातली भाकरी तशीच होती. मी म्हणालो, "ते खरं नाही. आत दुसरं जेट आहे. मी बदललं होतं. काकांना माहीत नव्हतं."

समताने पेन खाली ठेवलं. "चेंज्ड टु व्हॉट?"

"लहान."

"लहान म्हणजे काय होतं?"

मी सांगितलं काय होतं. पिस्टन, मागचं चाक, सगळं.

"सो इंजिन लॉक झालं तर मी पडले असते."

"हो."

"आणि तुला थ्री वीक्स माहीत होतं."

"तू जाणार हे मला माहीत नव्हतं."

"बाबा जाणार होते ते माहीत होतं ना?"

  ती उठून तिच्या खोलीत गेली. मला वाटलं, आता काकू म्हणतील, रोशन, तू जा. मी चप्पल कुठे काढलीय ते आठवत होतो. काकूंनी टेबलावरचे कागद गोळा केले.

"त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही?"

"नाही. त्यांना वाटलं, मी साफ छान केलं."

"घरी येऊन सांगितलं होतं मला. म्हणाले, पोराचा हात बसला." काकूंनी माझ्या ताटात भाजी वाढली. "कळलं असतं तर दोन दिवस बोलले नसते तुझ्याशी. तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन केला असता. मी ओळखते ना त्यांना." मग त्या म्हणाल्या, "जेव आता. रविवारी जाऊन बदलून ये. हिला बरोबर ने."

रविवारी समता आली. बसमध्ये माझ्याशी एक शब्द बोलली नाही. वर्कशॉपमध्ये मी कार्बुरेटर काढायला हात घातला तर म्हणाली, "मी काढते. तू नुसतं सांग." तिने काढलं. स्क्रू दोनदा घसरला, बोट सोललं, तरी तिने पाना सोडला नाही. आतून जेट काढून तिने उजेडात धरलं आणि मोठ्याने वाचलं, "वन सेव्हन टू." तुम्ही म्हणाला होतात तसं तुम्ही खरंच पाहिलं नव्हतं. त्या रविवारपासून कुणीही ते उघडलं नव्हतं.

"कुठलं बरोबर?" तिने विचारलं. "तुझं की बाबांचं?"

मी कागदावरचं सगळं तिला सांगू शकलो असतो. सुरुवातही केली होती. मग थांबलो. "मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी बर्फात कधी चाललो नाही. मोठं जेट लाव. मोठं चुकलं तर गाडी फक्त अडखळते. दहा मिनिटं चालव, बंद कर, प्लग काढून बघ. ओला काळा आला तर लहान जेट लाव, तपकिरी आला तर हेच राहू दे. दोन्ही जेट देतो बरोबर."

"सो यू नॉट शुअर."

"नाही."

"ओके," ती म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट बघितलं. "आधीच म्हणायचं ना मग."

तिने मोठं जेट बसवलं. किक मारली, गाडी खोकली, काळा धूर थेट आमच्या तोंडावर आला. समता खोकत खोकत हसली आणि मग रडायला लागली. मी टाकी रिकामी करत राहिलो, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. सोमवारी क्रेट गेला.

काका, तुमच्याकडून मला खूप काही मिळालं. ते इथे लिहायला बसलो तर ओळी भाषणासारख्या व्हायला लागतात, म्हणून एकच लिहितो. मागच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा वडील जिनिंगचा एक पट्टा दुरुस्त करत होते. मी न विचारता बाजूला बसलो आणि पाना घेतला. त्यांनी तो काढून घेतला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "उलटा धरलास." तुम्हाला हे सांगायचं होतं, पण आल्यावर वाद सुरू झाला आणि राहून गेलं. अशी खूप राहिली आहेत.

परवा फेब्रुवारीतला तो शनिवार होता, ज्या दिवशी समता शेतात गाडी चालवणार होती. मी सकाळपासून खोलीत पुस्तक उघडून बसलो होतो, एक पान वाचलं नाही. माझं गणित बरोबर निघावं म्हणून मी तीन रविवार भांडलो होतो. त्या सकाळी मला फक्त एवढंच हवं होतं की ते चूक निघावं.

अकराच्या सुमाराला समताचा फोटो आला. हातमोजा घातलेला तळवा आणि त्यावर प्लग. मागे सगळं पांढरं.

"ब्राउन ऑर ब्लॅक? आय कॅनॉट टेल लाह. स्नो सो हेवी, फुल थ्रॉटल ऑल्सो स्लो."

मी फोटो मोठा करून पाहिला. खिडकीपाशी नेऊन पाहिला. तपकिरी होता, काका. कडेपासून टोकापर्यंत एकसारखा तपकिरी.

मी लिहिलं, "ब्राउन. जेट बदलू नको."

"सो हू विन?"

"तुझे बाबा."

मी फोन उलटा ठेवला. मला वाटलं, तिला हे असं लिहायला नको होतं. मग पुन्हा मेसेज आला.

"ओके. बाबांनीच सेट केलीय म्हणून सांगितलं मोरी-सानना," तिने लिहिलं होतं. "ममी वॉन्ट टु सिट बिहाइंड. वन मोअर राउंड."